मिसिसागा: प्लाझात गांजाच्या दुकानाचा फलक लागलाय, १५ दिवसांत नेमकं काय करता येतं?

क्रेडिटकाठ (धागाकर्ता)

कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागाच्या उत्तर टोकाला, शेजारच्या ब्रॅम्प्टन शहराच्या हद्दीला लागून एक छोटा प्लाझा आहे. त्यातल्या कोपऱ्यावरच्या रिकाम्या गाळ्याच्या काचेवर एजीसीओचा (दारू, जुगार आणि गांजाचे परवाने देणाऱ्या ओंटारियो प्रांताच्या संस्थेचा) फलक लागलाय: इथे कॅनबिस रिटेल स्टोअरसाठी अर्ज आला आहे, रहिवाशांनी आपलं म्हणणं कळवावं. १५ दिवसांच्या मुदतीतले १२ दिवस उरलेत.

आजूबाजूला काय काय आहे ते आधी सांगतो. रस्त्यापलीकडे सरकारी प्राथमिक शाळा, गूगल मॅप्सवर खुणेपासून खुणेपर्यंत २१० मीटर. त्याच प्लाझात दोन गाळे सोडून डेकेअर. समोरच्या प्लाझात एक माँटेसरी. आणि चालत पाच मिनिटांवर मंदिर, त्याच्या हॉलमध्ये दर शनिवारी मराठी शाळा भरते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो तो वेगळं सांगतोय. कुणी म्हणतं कौन्सिलरला (नगरसेवकाला) गाठा, तो एका फोनवर थांबवेल. कुणी म्हणतं मंदिर आणि मराठी शाळा असताना परवानगी मिळूच शकत नाही. कुणी ५०० सह्या गोळा करायला निघालंय. यातलं खरं काय? डेकेअर आणि मंदिर अंतराच्या नियमात बसतात का? पीआरवाल्यांना (नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांना) हरकत घेता येते का? आणि घ्यायची तर लिहायचं काय?

नकाशावाला

तिन्ही मतं चुकीची आहेत. क्रमाने घेऊ.

ओंटारियोत दुकानाची जागा मंजूर करतं ते एजीसीओ, म्हणजे प्रांताची नियामक संस्था. शहर नाही. २०१८च्या कॅनबिस लायसन्स अ‍ॅक्टने शहरांना एकच मोठा निर्णय दिला होता: आपल्या हद्दीत दुकानं हवीत की नकोत. त्याची मुदत २२ जानेवारी २०१९ होती. मिसिसागाने तेव्हा नको म्हटलं आणि एप्रिल २०२३मध्ये हो म्हटलं. ब्रॅम्प्टनने पहिल्या फेरीतच हो म्हटलं होतं. नकाराचा होकार कधीही करता येतो, होकाराचा नकार करता येत नाही. त्यामुळे ते दार बंद झालं.

त्याच कायद्यात शहरांवर आणखी दोन बंधनं आहेत. गांजाच्या दुकानांसाठी शहराला स्वतःचा वेगळा परवाना काढता येत नाही, आणि झोनिंगमध्ये (कुठल्या जागेत काय चालेल याच्या नियमांत) 'गांजाचं दुकान' असा वेगळा वापर दाखवून त्याला मज्जाव करता येत नाही. जिथे किरकोळ दुकान चालतं तिथे हेही चालतं. म्हणून जागेसाठी जाहीर सुनावणी होत नाही. आधी किरकोळ दुकानच असलेला गाळा असेल तर शहराकडे जातं ते आतल्या कामाचं बिल्डिंग परमिट आणि पाटीचं परमिट, बस्स. कौन्सिलरला फोन जरूर करा, पण 'थांबवा' म्हणून नाही. का ते खाली कोणीतरी लिहीलच, नाहीतर मी लिहितो.

आता अंतर. ओंटारियो रेग्युलेशन ४६८/१८मध्ये अंतराची एकच अट आहे: दुकान शाळेपासून १५० मीटरच्या आत नको. शाळा म्हणजे सरकारी शाळा किंवा खासगी शाळा. डेकेअर, मंदिर, चर्च, मशीद, बाग, वाचनालय, व्यसनमुक्ती केंद्र, यांतलं काहीही या अटीत नाही. दुसरं गांजाचं दुकान शेजारच्या गाळ्यात असलं तरी अंतराची अट नाही. टोरंटोच्या क्वीन स्ट्रीट वेस्टवर दुकानाला खेटून दुकान दिसतं ते त्यामुळेच.

पण १५० मीटर कुठून मोजायचे यातच सगळी मेख आहे. शाळा जर त्या इमारतीची एकमेव किंवा मुख्य वापरकर्ती असेल तर मोजायचं शाळेच्या मालमत्तेच्या हद्दीपासून. दारापासून नाही, इमारतीपासूनही नाही. आणि शाळा जर प्लाझातल्या एखाद्या गाळ्यात असेल, म्हणजे इमारतीत इतरही भाडेकरू असतील, तर मोजायचं शाळेने व्यापलेल्या जागेच्या कडेपासून.

त्यामुळे तुमचा २१० हा आकडा सोडून द्या. गूगलची खूण साधारण इमारतीच्या मधोमध किंवा वाटेल तिथे पडते. शाळेचं मैदान रस्त्याच्या बाजूला असेल तर कुंपण खुणेपासून ५०-६० मीटर अलीकडे येतं. गाळा प्लाझाच्या कोपऱ्यावर असेल तर त्याही बाजूने १०-२० मीटर कमी होतात. २१०चे १४० व्हायला वेळ लागत नाही. किंवा १६५ होतील आणि अट लागू होणार नाही.

मोजायची रीत: शहराच्या ऑनलाइन नकाशावर प्रॉपर्टीच्या हद्दींचा थर चालू करा. शाळेच्या प्लॉटचा गाळ्याला सगळ्यात जवळचा कोपरा शोधा. तिथून गाळ्याच्या सगळ्यात जवळच्या भिंतीपर्यंत मेजरिंग टूलने सरळ रेषा ओढा. चालण्याचं अंतर नको, रस्ता ओलांडायला सिग्नलपर्यंत वळसा पडत असला तरी. दोन-तीनदा मोजा, स्क्रीनशॉट ठेवा. १४५ ते १५५च्या मध्ये आकडा आला तर स्वतः निकाल देऊ नका, तसंच लिहून कळवा.

सुपारीफुटली

नकाशावाल्यांना +१. सह्यांबद्दल थोडं.

ही मतमोजणी नाही. आपल्याकडे वॉर्डातल्या बायका मतदान मागून बाटली आडवी करू शकतात, ते डोक्यात ठेवून लोक इथे सह्या गोळा करतात. इथे तशी तरतूदच नाही. '५०० रहिवाशांचा विरोध आहे' या वाक्याला नियमात कुठे खुंटी नाही.

खुंट्या तीनच आहेत. रजिस्ट्रारने (एजीसीओत अर्जाचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याने) सार्वजनिक हित पाहायचं असतं आणि त्याचा अर्थ नियमातच बांधून दिलाय: सार्वजनिक आरोग्य आणि सुरक्षितता, अल्पवयीनांचं रक्षण आणि त्यांच्या हाती माल पडू न देणं, बेकायदा धंद्याला आळा. तुमचं प्रत्येक वाक्य यातल्या एका खुंटीवर टांगलं गेलं पाहिजे. टांगता येत नसेल तर खोडा.

काय खोडायचं याची यादीच देते, कारण नव्वद टक्के पत्रांत हेच असतं: घरांच्या किमती उतरतील. आमच्या संस्कृतीत बसत नाही. अशी दोन दुकानं आधीच आहेत. पार्किंग अपुरं पडेल. गांजा कायदेशीर करायलाच नको होता. हा शेवटचा मुद्दा तर १७ ऑक्टोबर २०१८लाच संपला आणि तो केंद्राचा कायदा आहे, या टेबलावर त्याचं काही होत नाही.

कोण लिहू शकतं: त्या नगरपालिकेचा रहिवासी. नागरिकत्वाची अट नाही, घरमालक असण्याची नाही. पीआर, वर्क परमिट, भाडेकरू, सगळे चालतात. मात्र हद्द बघा. रस्त्याच्या पलीकडे ब्रॅम्प्टन लागत असेल तर तिथला माणूस दुकानापासून ८० मीटरवर राहत असला तरी तो मिसिसागाचा रहिवासी नाही. याउलट शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकशोरवर राहणारा मिसिसागाकर लिहू शकतो. विचित्र आहे, पण आहे हे असं आहे.

१५ दिवस कॅलेंडरचे मोजतात, शनिवार-रविवार धरून. एजीसीओच्या पोर्टलवरून पाठवायचं. इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. आणि तुमचं म्हणणं अर्जदाराला दाखवलं जातं हे धरून चाला. मुलाचं नाव, तो कोणत्या वर्गात, कितीला सुटतो असले तपशील त्यात नकोत.

क्रेडिटकाठ

दोघांचे आभार. नकाशावर मोजलं. सरकारी शाळेच्या कुंपणाच्या कोपऱ्यापासून गाळ्याच्या भिंतीपर्यंत १७१ मीटर. म्हणजे ते गेलं. मराठी शाळा 'खासगी शाळा' धरली जाईल का? आणि डेकेअरचं काहीच नाही?

नकाशावाला

मराठी शाळा नाही. खासगी शाळेची व्याख्या एज्युकेशन अ‍ॅक्टमध्ये आहे: शाळेच्या दिवशी, सकाळी ९ ते दुपारी ४ यांच्या दरम्यान, सक्तीच्या शिक्षणाच्या वयाच्या पाच किंवा अधिक मुलांना, प्राथमिक किंवा माध्यमिक अभ्यासक्रमातला विषय शिकवणारी संस्था. शनिवार हा शाळेचा दिवस नाही, तिथेच गाडी अडते. संध्याकाळचे गणिताचे क्लासही याच कारणाने बाहेर.

डेकेअर वेगळ्या कायद्याखाली येतं. शिवाय सक्तीचं वय ६ पासून, त्यामुळे तीन-चार वर्षांची पन्नास मुलं असली तरी व्याख्येत 'पाच मुलं' शून्यच राहतात.

पण माँटेसरीकडे तुम्ही डोळेझाक केलीत. माँटेसरी ही पाटी आहे, कायद्यातला प्रकार नाही. फक्त लहान मुलांची असेल तर ती डेकेअर. तिथेच पहिली, दुसरी, तिसरीचे वर्ग चालत असतील आणि त्या वयाची पाच मुलं असतील तर ती खासगी शाळा, आणि १५० मीटरची अट पूर्ण लागू. पाटीवर किंवा वेबसाइटवर कोणत्या इयत्ता लिहिल्यात ते बघा. मग प्रांताच्या शिक्षण खात्याची खासगी शाळांची यादी उघडा. अशा शाळांना दरवर्षी आपण चालू आहोत अशी सूचना खात्याला द्यावी लागते, त्यावरून ती यादी होते.

गाळेवाला

दुसऱ्या बाजूचं कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. अर्जदार काय बघतो ते कळलं तर तुमचा वेळही वाचेल.

कायदेशीर दुकानात १९ खालच्याला आत पाऊल टाकता येत नाही, पालकांबरोबरही नाही. २५च्या आतला वाटला तर ओळखपत्र मागावंच लागतं. माल एकाच ठिकाणाहून घ्यावा लागतो, प्रांताच्या ओंटारियो कॅनबिस स्टोअरकडून. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किमान ३० दिवस ठेवावं लागतं. वेळ सकाळी ९ ते रात्री ११, याच्या बाहेर नाही. हे सगळं परवान्याला बांधलेलं आहे, त्यामुळे 'मुलांना विकतील' एवढंच लिहिलंत तर अर्जदार उत्तरात हीच नियमावली चिकटवतो आणि मुद्दा संपतो. बिनपरवाना दुकानात यातलं काही नसतं. तुमच्या भागात तसलं चालू असेल तर त्याची तक्रार आधी करा. खरं दुकान ओळखायची खूण म्हणजे दाराशी लावलेलं प्रांताचं अधिकृत सील.

आता जिथे अर्ज प्रत्यक्षात अडकतात ते सांगतो. एजीसीओकडे नाही, भाडेकरारात. बरेच छोटे प्लाझा हे व्यापारी कॉन्डोमिनियम असतात, प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा. अशा कॉन्डोच्या डिक्लरेशनमध्ये (त्याच्या मूळ नियमांच्या दस्तऐवजात) कोणते धंदे चालणार नाहीत याची यादी असू शकते. प्लाझा एका मालकाचा असेल तर त्याच्या कर्जाच्या कागदात बँकेची अट असू शकते, किंवा आधीच्या मोठ्या भाडेकरूच्या करारात 'शेजारी अमुक नको' असं कलम. डेकेअरचा करारही उघडून बघायला सांगा. असं काही निघालं तर तो दिवाणी मामला आहे, एजीसीओला त्याचं देणंघेणं नाही. पण एका वकिली पत्राने जे होतं ते ५०० सह्यांनी होत नाही.

दुकान डेकेअरच्या शेजारी आहे एवढ्यावरून अर्ज नाकारला जाणं विरळा. ही गोष्ट कडू वाटली तरी आधीच माहीत असलेली बरी.

सुपारीफुटली

गाळेवाल्यांनी नियमावली चिकटवायचं बोलून दाखवलं ते बरं झालं. त्यावर उपाय एकच: दुकानाच्या आतलं लिहू नका, बाहेरचं लिहा. आतलं परवान्याने बांधलंय. या विशिष्ट जागेच्या बाहेर काय होईल हे कुठेच बांधलेलं नाही.

उदाहरण देते. मार्च २०२२पासून कर्बसाइड पिकअप (दुकानाबाहेर, गाडीपाशी माल देणं) आणि डिलिव्हरी कायमची मंजूर आहे. म्हणजे व्यवहार गाळ्याच्या चार भिंतींत राहील असं नाही, गाडीपर्यंत येऊ शकतो. आता तुमच्या प्लाझात जा आणि बघा: डेकेअरची मुलं गाडीतून कुठे उतरतात? कोपऱ्यावरच्या गाळ्याच्या समोरच्याच रांगेत? गाळ्याचा मागचा दरवाजा कुठे उघडतो? मागे डेकेअरचं खेळायचं अंगण आहे का, मधे कुंपण आहे की नुसती साखळी? दिवे किती, कुठे अंधार राहतो? शाळेतून सुटलेली पोरं बसस्टॉपला जायला प्लाझातून आडवी जातात का, साधारण किती वाजता, किती जण? दोन दिवस तीन ते चार उभं राहून मोजा.

मग परिच्छेद असा होतो, अर्थातच इंग्रजीत:

'प्रस्तावित गाळ्याचा मागचा दरवाजा डेकेअरच्या खेळाच्या अंगणापासून ११ मीटरवर उघडतो. मधे १.२ मीटर उंचीची जाळी आहे, आरपार दिसतं. दुपारी ३:१० ते ३:४० या वेळात शाळेची ४०च्या आसपास मुलं याच मागच्या गल्लीतून बसस्टॉपकडे जातात (अमुक दोन तारखांना मोजलेली). गल्लीत दिवा एकच आहे. ही बाब अल्पवयीनांच्या रक्षणाशी आणि सार्वजनिक सुरक्षिततेशी संबंधित आहे. परवाना द्यायचाच झाला तर मागचा दरवाजा ग्राहकांसाठी आणि पिकअपसाठी बंद ठेवावा आणि त्या बाजूला दिवे व कॅमेरे असावेत, अशी अट घालावी.'

आकडे मी नमुन्याला घेतलेत, तुमचे तुम्ही मोजा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. रजिस्ट्रारला परवान्याला अटी जोडता येतात. नुसतं 'नाकारा' म्हणणाऱ्या पत्राला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि बहुधा ते नाही असतं. अट मागणाऱ्या पत्रातून निदान एखादा दिवा तरी पदरात पडू शकतो.

दहा जणांनी एकच मजकूर कॉपी-पेस्ट करण्यापेक्षा तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजून पाठवा. एकाने मागची गल्ली, एकाने पार्किंगची रांग, एकाने शाळेची वाट.

आणि ओढणारे बाहेर उभे राहतील ही भीती असेल तर त्याचा कायदा वेगळा आहे. स्मोक-फ्री ओंटारियो अ‍ॅक्टप्रमाणे शाळेच्या आवारात आणि त्याभोवती २० मीटरच्या सार्वजनिक जागेत, तसंच मुलांच्या खेळाच्या जागांपासून २० मीटरच्या आत ओढायला बंदी आहे. त्याची तक्रार पब्लिक हेल्थकडे, दुकान उघडल्यावर. आत्ताच्या पत्रात एक ओळ पुरे.

पाटीपुसणी

कौन्सिलरचा मुद्दा राहिलाच की. नगरपालिका स्वतःही त्या १५ दिवसांत म्हणणं देऊ शकते, आणि मिसिसागा पील रिजनमध्ये (शहरांच्या वरच्या पातळीच्या स्थानिक सरकारात) असल्यामुळे रिजनही. अडचण वेळेची. कौन्सिलची बैठक १५ दिवसांच्या आत बसेलच असं नसतं, म्हणून बऱ्याच शहरांत हे काम अधिकाऱ्यांकडे सोपवलेलं असतं. ते जागेभोवतीचा नकाशा तपासून ठराविक साच्यातलं पत्र पाठवतात. तेव्हा कौन्सिलरच्या ऑफिसला विचारायचं ते एवढंच: या पत्त्यावर शहर म्हणणं देणार आहे का, कोणता विभाग देणार आहे, आणि आमची मोजमापं त्यांना कुठे पाठवू? पहिल्या तीन-चार दिवसांत विचारलं तर उपयोग. चौदाव्या दिवशी केलेल्या फोनला 'आम्ही आपल्या भावना समजतो' एवढंच उत्तर मिळतं.

साल्मनआर्म

ब्रिटिश कोलंबियातून. वाचून नवल वाटलं, कारण इकडे गणित बरोबर उलटं आहे. स्थानिक सरकारची होकारार्थी शिफारस आल्याशिवाय प्रांत परवाना देऊच शकत नाही, आणि शिफारस करण्यापूर्वी रहिवाशांचं मत घ्यावं लागतं. अंतरंही शहरं स्वतः ठरवतात. व्हँकूवरमध्ये शाळांपासून ३०० मीटर आणि एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंतही ३००. अल्बर्टातही शहरांना मोकळीक आहे, कॅलगरीत दोन दुकानांत ३०० मीटर लागतात. म्हणून इंटरनेटवर सापडलेला हरकतीचा नमुना कोणत्या प्रांतातला आहे ते बघून घ्या. आमच्याकडच्या पत्रात 'दुकानांची गर्दी' हा पहिला मुद्दा असतो, तुमच्याकडे तो वाया.

क्रेडिटकाठ

माँटेसरी बघून आलो. पाटीवर 'टॉडलर ते ग्रेड ३' आहे. समोरच्या प्लाझातले दोन गाळे जोडून चालते, शेजारी दंतवैद्य आणि ड्रायक्लीनर. खात्याच्या यादीत मात्र पाटीवरच्या नावाने काहीच मिळत नाही. मोजलं तर अंतर १३० आहे.

नकाशावाला

नावाने शोधू नका, पत्त्याने शोधा. यादीत शाळा ज्या नावाने नोंदली असेल ते नाव पाटीवर असेलच असं नाही. पोस्टल कोडची पहिली तीन अक्षरं टाकून चाळा.

आणि १३० कुठून कुठे? इतर भाडेकरू आहेत, त्यामुळे प्लाझाची हद्द चालणार नाही. शाळेच्या जोडगाळ्यांच्या भिंतीपासून मोजा, ड्रायक्लीनरच्या नाही.

क्रेडिटकाठ

मी प्लाझाच्या हद्दीपासून मोजलं होतं. गाळ्याच्या भिंतीपासून १४४. आणि पोस्टल कोडने सापडली, एका नंबरी कंपनीसारख्या (नावाऐवजी आकडे असलेल्या) नावाखाली, पत्ता तोच.

नकाशावाला

मग बाकी सगळं बाजूला ठेवा आणि हे आजच पाठवा. पहिल्या ओळीत: पत्ता अमुक, खासगी शाळा, खात्याच्या यादीत या नावाने नोंद, जोडगाळ्यांच्या जवळच्या भिंतीपासून प्रस्तावित गाळ्याच्या भिंतीपर्यंत १४४ मीटर, इमारतीत इतर भाडेकरू असल्याने शाळेच्या जागेच्या कडेपासून मोजले. यादीतल्या ओळीचा आणि नकाशाचा स्क्रीनशॉट जोडा, मोजणीची तारीख घाला. शाळेच्या ऑफिसलाही आजच सांगा: पहिली ते तिसरीत या वर्षी किमान पाच मुलं आहेत एवढं त्यांनी स्वतः लिहून पाठवलं तर फार बरं, कारण ते तुम्हाला बाहेरून सिद्ध करता येणार नाही. १४४ म्हणजे सहाच मीटरची फट आहे, तेव्हा शक्य असेल तर शहराच्या नकाशा विभागाकडून तेच अंतर पुन्हा मोजून मागा.

मागच्या गल्लीचं पत्र वेगळं आणि वेगळ्या माणसाच्या नावाने जाऊ दे. हे सहा मीटर टिकले नाहीत तर तेच एक हातात राहील.